प्रभू येईपर्यंत करायचं काय? मुंबईत राहून वाट बघण्याची रोजची रीत

कुठे युद्ध पेटलं, कुठे भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी व्हिडिओ येतोच, मागे ढग फाटताहेत, खाली लाल अक्षरात येशू या दिवशी येणार म्हणून कुठलीतरी तारीख आणि शेवटी "दहा जणांना पाठवा". मग काही जण घाबरतात, जास्त करून घरातली म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आणि बाकीचे, हे इतक्यांदा बघून झालंय की प्रभू येशूच्या पुन्हा येण्याचा विषयच मनातून काढून टाकतात, म्हणजे रविवारी विश्वासांगीकार म्हणताना तो न्याय करायला पुन्हा येणार असं तोंडाने म्हणायचं आणि सोमवारपासून त्याचा आपल्या जगण्याशी काही संबंध नाही. मला दोन्हींची काळजी वाटते, दुसऱ्यांची जरा जास्तच.

म्हणून हे लिहितेय. वाट बघणं हे एक काम आहे, ते शिकता येतं आणि रोज करता येतं, एवढंच मला सांगायचंय. कसं करायचं ते आमच्या महिला मंडळात आणि घरच्या प्रार्थना सभेत आम्ही जे बोलतो, जे करतो त्यातूनच सांगते. तुम्ही कॅथलिक असा, मेथडिस्ट असा, सी.एन.आय.चे म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असा नाहीतर पेंटेकॉस्टल असा, या बाबतीत सगळ्यांच्या हातातलं बायबल एकच सांगतं.

आधी तारखेचा विषय मिटवून टाका

येशूने स्वतः सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांनाही नाही (मत्तय २४:३६). तो स्वर्गात जायच्या आधी शिष्यांनी विचारलंच होतं की प्रभू, राज्य परत देणार ते आत्ताच का? तेव्हा त्याने तारीख दिली नाही, काम दिलं, यरुशलेमपासून पृथ्वीच्या टोकापर्यंत माझे साक्षी व्हा म्हणाला. तो गेल्यावर ते वर बघतच राहिले तर पांढऱ्या कपड्यातल्या दोघांनी त्यांना हटकलं, आकाशाकडे बघत काय उभे राहिलात, गेला तसाच तो परत येईल (प्रेषितांची कृत्ये १). मग ते जैतुनाच्या डोंगरावरून उतरून शहरात आले आणि माडीवर जमून प्रार्थनेला लागले. शहरात परत आले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तारखा काढणाऱ्यांचं काय होतं तेही माहीत असू द्या. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी उपदेशक होता, त्याच्या मागे हजारो लोक लागले आणि त्या चळवळीत शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, कशाला काढायचं म्हणून. २३ तारीख उजाडली आणि लोक अक्षरशः रडले, कित्येकांचा विश्वास तिथेच मोडला. आपल्या आठवणीतलं म्हणजे २०११ चं, हॅरोल्ड कॅम्पिंग रेडिओवरून २१ मे सांगत होते, ती गेल्यावर २१ ऑक्टोबर म्हणाले, तीही गेली. लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींत घातले होते. पुढच्या वर्षी कॅम्पिंगनी स्वतःच कबूल केलं की तारीख सांगायला नको होती, ते पाप होतं.

तर असा मेसेज आला की पुढे पाठवू नका, पण ज्याने पाठवला त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर झापूही नका. त्याला फोन करा. बहुतेकदा त्या माणसाला आतून कशाचीतरी भीती वाटत असते, नोकरी, आजार, मुलाचं काहीतरी, आणि फोनवर पाच मिनिटांत ते बाहेर येतं. मग त्याच्याबरोबर मत्तय २४:६ ते ८ वाचा, लढायांबद्दल ऐकाल, दुष्काळ आणि भूकंप होतील, पण घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, ही वेदनांची नुसती सुरुवात आहे असं तिथे येशू सांगतो. लोक याच ओळी भीती घालायला वापरतात आणि मधलं "घाबरू नका" नेमकं गाळतात.

आणि घरात मूल असेल तर त्याच्याशी वेगळं बोला. लहान मुलांची भीती एकाच प्रकारची असते, आईबाबांना स्वर्गात घेऊन जातील आणि मी मागे राहीन. त्याला प्रकटीकरणातले घोडे आणि श्वापदं समजावत बसू नका. जो येणार आहे तो तोच आहे ज्याने शिष्य मुलांना हाकलत होते तेव्हा शिष्यांनाच दटावलं आणि मुलांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला (मार्क १०), एवढं सांगा, आणि रात्री झोपताना पुन्हा सांगा.

सोमवारी कामावर जा

हे फार साधं वाटेल, पण प्रेषित पौलाला हे पत्रात लिहून कळवावं लागलं होतं. थेस्सलनीकाची मंडळी नवीन होती, प्रभू लवकर येणार हे ऐकून त्यातल्या काहींनी कामधंदा सोडला, दुसऱ्यांच्या घरी जेवायला लागले आणि वर इकडचं तिकडे करत फिरायला लागले. पौलाने पहिल्या पत्रात सौम्य शब्दांत लिहिलं की शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा (१ थेस्स. ४:११). दुसऱ्या पत्रात मात्र स्पष्टच, ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये (२ थेस्स. ३:१०). लक्षात घ्या, काम मिळत नाही त्याला नाही म्हटलंय, काम करायचंच नाही त्याला म्हटलंय. ज्याची नोकरी गेलीय अशा भावाला हे वचन ऐकवणारी माणसं मी बघितलीत, ते अगदी चूक आहे, त्याच्यासाठी ओळखीत चार फोन करणं हे आपलं काम आहे. आणि पौल स्वतः तंबू शिवायचा, प्रभूच्या येण्याबद्दल त्याच्याइतकं कोणी लिहिलं असेल का, पण कोणावर भार नको म्हणून रात्रंदिवस हातांनी राबायचा.

ज्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय त्यांना हे चांगलं कळेल. ट्रान्झिट कॅम्पमध्ये राहायला गेलेली दोन घरं मी शेजारी शेजारी बघितलीत. एकाने खोकी उघडलीच नाहीत, काय आज ना उद्या पझेशन मिळेल म्हणून, आणि वर्षानुवर्षं त्या खोक्यांच्या मधून वाट काढत जगले. दुसऱ्याने पहिल्याच आठवड्यात भिंतीला रंग दिला, दारात कुंडी ठेवली, शेजारच्या पोरांचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली, आणि नवीन घराची कागदपत्रंही तितकीच नीट जपली. यिर्मया २९ मध्ये बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना देवाने हेच लिहून पाठवलं, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. आणि त्याच पत्रात सांगितलं की सत्तर वर्षांनी मी तुम्हाला परत आणणार. दोन्ही एकाच पत्रात आहेत, म्हणून मुलाची ॲडमिशन, घराचे हप्ते, सोसायटीच्या मीटिंगला जाणं यातलं काहीही "आता कशाला" म्हणून सोडायचं नाही.

दिवसाची सुरुवात, बहुतेक ट्रेनमध्येच

घरी पहाटे शांत तास मिळत असेल तर उत्तमच, पण विक्रोळी भांडुपहून सीएसएमटी गाठणाऱ्या बाईला पाणी भरायचं, डबे भरायचे, मुलांना उठवायचं, तिला शांत तास कुठून मिळणार. तिने ट्रेनमधलाच वेळ धरावा. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, म्हणून फोनमध्ये मराठी बायबलचं ऑडिओ आधीच डाऊनलोड करून ठेवा. स्तोत्र १३० फक्त आठ वचनांचं आहे, पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यापेक्षाही माझा जीव प्रभूची वाट बघतोय असं त्यात आहे, दोनतीन आठवडे रोज तेच ऐकलं तरी चालेल, तोंडपाठ होऊन जातं.

मग एक नाव घ्या, ज्याच्यासाठी आज प्रार्थना करायची. आणि एक काम ठरवा, जे आज त्याच्यासाठी करायचं, फोन, डबा, पैसे, काही असो. ठरवायचं मात्र उतरायच्या आधी, एकदा ऑफिसात शिरलं की राहून जातं. शेवटी "ये, प्रभू येशू" म्हणा, अख्खं बायबल जवळजवळ याच प्रार्थनेवर संपतं.

मालक येईल तेव्हा तुम्ही नोकरांशी कसे वागत असाल

एका संध्याकाळी टीव्ही बंद करून मत्तयाचे २४ आणि २५ हे दोन अध्याय सलग वाचा, मोठ्याने. सगळी मिळून ९७ वचनं आहेत, जेवणाआधी होतात. सुटे सुटे वाचले की दहा कुमारी वेगळ्या, तालंत वेगळे, मेंढरं आणि शेरडं वेगळी वाटतात. सलग वाचले की दिसतं, तारीख माहीत नाही हे सांगितल्यावर येशू लगेच चार गोष्टी सांगतो आणि त्या सगळ्या मालक नसताना माणूस काय करतो याच्याबद्दल आहेत.

पहिली सगळ्यात कमी वाचली जाते. घरधन्याने एका दासाला बाकीच्यांना वेळेवर जेवण द्यायला नेमलंय. धनी यायला उशीर आहे असं त्याच्या मनात येतं आणि तो काय करतो? बरोबरच्या दासांना मारायला लागतो आणि दारुड्यांबरोबर खायला प्यायला बसतो. म्हणजे प्रभूच्या येण्यावरचा विश्वास उडाला की त्याचा पहिला फटका आपल्या हाताखालच्या माणसाला बसतो. मला वाटतं स्वतःला तपासायला ही सगळ्यात खरी जागा आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला देता का, की सुट्टीवरून परत येऊ दे मग बघू म्हणता? त्या आजारी पडल्या तर खाडा कापता का? दुकानात, ऑफिसात तुमच्या हाताखाली पोरगा असेल तर त्याला घरी कधी सोडता, शेवटची बदलापूर ट्रेन चुकेल इतका उशीर करता का? प्रत्येकाला वेळेवर अन्न देणं, येशूने हेच शब्द वापरलेत, त्यामुळे पगार, जेवणाची सुट्टी, घरी जायची वेळ हे सगळं त्यात आलं.

तालंतांच्या गोष्टीत धनी प्रवासाला जाताना दासांकडे आपले पैसे सोपवून जातो, त्यातलं एकच सांगते. तालंत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. तेव्हा ज्याला "फक्त एक" मिळाला त्याच्याही हातात जवळजवळ वीस वर्षांची मजुरी होती. माझ्याकडे काय आहे, मी काय करणार, असं म्हणणाऱ्या आपल्या मंडळीतल्या बायकांना मी हे नेहमी सांगते. तुम्हाला शिवण येतं, मोडी नाही पण स्वच्छ मराठी अर्ज लिहिता येतो, रेशन ऑफिसात कुठल्या खिडकीला उभं राहायचं ते माहीत आहे, हे सगळं त्यातच मोजा आणि एका कागदावर लिहून काढा. मग मंडळीत कोणाला त्यातलं काय लागतंय ते शोधा.

पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८९ मध्ये त्यांनी याच मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला गेलं, मग केडगावला मुक्ती मिशन. दुष्काळात उपाशी मुलींना घेऊन आल्या, विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, त्यावर मुलीच काम करायच्या. आणि त्या सगळ्या रगाड्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणत होत्या. १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, आणि अख्खं छापील बायबल आलं १९२४ ला. प्रभूची वाट बघणाऱ्या बाईचा दिवस कसा जायचा ते यातून कळतं.

परळला जा

चौथी गोष्ट मेंढरांची आणि शेरडांची. न्यायाला बसलेला राजा सहा जणांचं नाव काढतो, त्यांच्यासाठी काय केलंत म्हणून, भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. मुंबईत यातले बहुतेक एकाच जागी भेटतील असं ठिकाण सांगायचं तर परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचा परिसर. देशभरातून लोक येतात, बिहारहून, बंगालहून, आसामहून, आपल्या मराठवाड्यातून. ट्रीटमेंट महिनोन्महिने चालते. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळते, पण सगळ्यांना कुठून मिळणार, मग फूटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात, पावसातही.

जायचं असेल तर अशा रीतीने जा. एकटे जाऊ नका, तिघंचौघं जा. पहिल्या वेळी काहीही घेऊन जाऊ नका, नुसतं बसा आणि विचारा, कुठून आलात, कोण आजारी आहे, कशाची अडचण आहे. आपण घरून ठरवून बिर्याणी घेऊन जातो आणि त्या बाईला हवं असतं गरम पाणी, किंवा कपडे धुवायला जागा, किंवा हिंदीत लिहिलेला फॉर्म वाचून दाखवणारं कोणी. पेशंटला काही खायला देण्याआधी डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विचारलंच पाहिजे, केमो चालू असताना बाहेरचं, उघड्यावरचं, कापून ठेवलेलं चालत नाही. नातेवाइकांना मात्र साधा पोळीभाजीचा डबा चालतो, आणि तेच बहुतेकदा उपाशी असतात. फोटो काढू नका. पत्रिका वाटत फिरू नका. कोणी स्वतःहून "आमच्यासाठी प्रार्थना करा" म्हटलं तर तिथेच, हळू आवाजात करा.

आणि ज्यांना जमेल त्यांनी रक्त द्या. साठवलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून कॅन्सर हॉस्पिटलला दाते सतत लागतात. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. मंडळीत तरुणांची एक यादी करा, नाव, रक्तगट, शेवटचं कधी दिलं, आणि ती एकाच माणसाकडे असू द्या.

अबोला मोडा

प्रभू आज रात्री आला तर ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही तोही तिथेच समोर उभा असणार. आपल्याकडे भांडणं बहुतेक रूमवरून असतात, आईवडील गेले, चाळीतली रूम कोणाच्या नावावर, कोणी सांभाळलं, कोणी नाही. कोर्टात केस असेल तर ती चालू द्या, क्षमा केली म्हणजे हक्क सोडायलाच हवा असं नाही. पण बोलणं सुरू करता येतं. आमच्या ओळखीतल्या दोन भावांचं कित्येक वर्षं बंद होतं. धाकट्याने काय केलं, आईच्या गीतांच्या पुस्तकाचा फोटो काढून पाठवला, पिवळं पडलेलं पान, कडेला आईने पेन्सिलीने लिहिलेला सूर, बाकी एक अक्षर नाही. दोन दिवसांनी मोठ्याचा फोन आला, ते पुस्तक कुठे सापडलं म्हणून. रूमचा प्रश्न अजून तसाच आहे पण नाताळला एकमेकांकडे जातात.

म्हणजे पहिल्याच मेसेजमध्ये हिशेब काढू नका आणि मोठं माफीनामा पत्रही लिहू नका. दोघांच्या मालकीची एखादी चांगली आठवण पाठवा. उत्तर नाही आलं तर थांबा, ईस्टरला पुन्हा पाठवा. आणि जिथे मारहाण झालीय, छळ झालाय, तिथे एकट्याने परत जाऊ नका, पाळकांशी किंवा फादरांशी बोलून, कोणाला तरी बरोबर घेऊनच.

शिवडीला काय बोलायचं

थेस्सलनीकाच्या लोकांचा मोठा प्रश्न तारखेचा नव्हताच, त्यांचा प्रश्न होता की आमची माणसं प्रभू यायच्या आधीच गेली, त्यांचं काय? पौल म्हणतो, ख्रिस्तात जे मेलेत ते आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर. आणि या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा असं तो शेवटी सांगतो (१ थेस्स. ४:१३ ते १८). सांत्वनासाठी लिहिलेला उतारा आहे तो. लोक त्यावरून तक्ते काढतात, कोण कधी वर जाणार याचे, मला ते पटत नाही.

मुंबईत याची गरज जास्त आहे, कारण शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी घ्या नाहीतर दुसरी, इथे दफनभूमीला जागाच कमी. कुटुंबाची कायमची कबर नसेल तर काही काळाने ती पुन्हा उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या छोट्या कप्प्यात ठेवतात. तो दिवस फार जड असतो. पहिल्या वेळी सगळी मंडळी असते, पाळक असतात, गाणी असतात, दुसऱ्या वेळी मात्र मुलगा एकटाच कामावर हाफ डे टाकून जातो. त्या दिवशी त्याच्याबरोबर जा. एका बाईंनी मला विचारलं होतं, असं हलवल्यावर आमचे हे उठतील ना गं नीट? मी त्यांना १ करिंथ १५ वाचून दाखवलं, जे पेरतात ते नाशवंत, जे उठतं ते अविनाशी, बी जसंच्या तसं उगवत नाही, देव त्याला हवं तसं शरीर देतो. समुद्रात गेलेले, जळालेले, ज्यांचं काहीच हाती लागलं नाही असेही सगळे त्याला ठाऊक आहेत. असं सांगा, आणि रडू द्या. पौलाने रडू नका म्हटलेलं नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका म्हटलंय. महिन्याच्या प्रार्थनेला सगळे येतात, तिसऱ्या चौथ्या महिन्यात कोणी येत नाही, तेव्हा जा.

आणि उशीर वाटला तर

वाटणारच. पेत्राच्या काळीच लोक विचारत होते, कुठे गेलं त्याच्या येण्याचं वचन? पेत्राचं उत्तर असं की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा, आणि तो उशीर करत नाहीये, तो धीर धरतोय, कोणाचा नाश होऊ नये, सगळ्यांनी वळावं म्हणून (२ पेत्र ३). तुमच्या घरातला जो अजून वळला नाही, दारूत आहे, रागात आहे, त्याच्यासाठी मिळालेला वेळ आहे हा. असा विचार केला की मला तरी उशिराचा राग येत नाही.

याकोब शेतकऱ्याकडे बघा म्हणतो, पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत तो धीर धरतो. त्यांच्याकडे पहिला पाऊस ऑक्टोबर नोव्हेंबरला, पेरणीचा, आणि शेवटचा मार्च एप्रिलला, दाणा भरायचा. आपल्यातल्या कितीतरी जणांचं गाव नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, त्यांना हे सांगायला नको. मृगाच्या आधी शेतकरी घरात बसलेला नसतो, नांगरट झालेली, ढेकळं फोडलेली, काडीकचरा वेचलेला, बी निवडून ठेवलेलं, बांध नीट केलेले. पाऊस आणणं त्याच्या हातात नाही, बाकी सगळं करून मगच तो आभाळाकडे बघतो. गावाला फोन लावून आजोबांना, काकांना विचारा आणि मुलांना ऐकवा.

जेव्हा खरंच सहन होत नाही, आजार लांबतो, प्रार्थनेला उत्तर नाही, तेव्हा देवापुढे गोड बोलायची गरज नाही. "किती काळ, परमेश्वरा" हे बायबलमधलंच बोलणं आहे, स्तोत्र १३ तिथूनच सुरू होतं, प्रकटीकरणात वेदीखालचे हुतात्मेही तेच विचारतात. तेच म्हणा. एकट्याने म्हणवत नसेल तर कोणाला तरी फोन करून दोघांनी म्हणा.

एकत्र येणं सोडू नका, तो दिवस जवळ येताना दिसतो तसं तर अधिकच, असं इब्री १० मध्ये आहे. मेगाब्लॉक रविवारीच असतो हे खरंय, तेव्हा शनिवारी रात्रीच बघून ठेवा आणि एक तास आधी निघा, किंवा त्या दिवशी जवळच्या चर्चला जा. नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार रविवार तर चुकवूच नका, त्यातला पहिला खास प्रभूच्या पुन्हा येण्याचा असतो, आणि आपण तेव्हा करंज्यांच्या आणि कंदिलाच्या खरेदीत क्रॉफर्ड मार्केटला असतो. ज्यांची रविवारी शिफ्ट आहे, नर्स, वॉचमन, ड्रायव्हर, त्यांच्यासाठी मंगळवारी नाहीतर बुधवारी रात्री एखाद्या घरी तासभर जमा.

आणि जे घराबाहेर पडूच शकत नाहीत, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नाही, गुडघे गेलेत, त्यांना विसरू नका. प्रभुभोजन घेताना आपण तो येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करतो (१ करिंथ ११:२६), मग त्यांनी त्याच्याशिवाय वाट बघावी का? अशी नावं आणि पत्ते पाळकांना किंवा फादरांना आजच कळवा, ते प्रभुभोजन घेऊन घरी येतात. तुम्ही बरोबर जा, आधी फोन करून वेळ विचारा, आणि जाताना मोठ्या अक्षरांचं गीतांचं पुस्तक न्या, बरीच आजीआजोबा चष्मा लावूनही बारीक अक्षर वाचू शकत नाहीत.